सातवा रकाना

पत्र कागदावर लिहिलेलं होतं, त्या ऑफिसात हीच मुळात नवलाची गोष्ट. दाढीवाल्याने ते दोन बोटांत धरून आणलं आणि रस्त्यात सापडलेली किल्ली ठेवावी तसं तिच्या टेबलावर ठेवलं. "बघा मॅडम, लोक अजून पत्रं लिहितात," तो म्हणाला. दाढीवाला हा त्यांच्या गटाचा मुख्य. वयाने तिच्या निम्मा, स्वभावाने बरा; कुणी आजारी पडलं तर दोनदा चौकशी करायचा आणि तिसऱ्यांदा विसरायचा. पत्र कुणा वयस्क गृहस्थांचं होतं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर तपासणीची तारीख घ्यायला ते रोज सकाळी बसतात, नाव भरतात, वय भरतात, तारीख निवडतात, पण त्यापुढे काही होत नाही. 'खाली बटण असतं असं फोनवरच्या बाईंनी सांगितलं. माझ्याकडे खाली काही नाही. कॉम्प्युटर जुना आहे, मुलाने वापरून दिलेला. तीन आठवडे मी रोज बघतो आहे. माझंच काही चुकत असेल तर कृपया कळवावे.'

तिने पत्र दोनदा वाचलं. छातीत धस्स होणं, पोटात गोळा येणं, असलं काही तिला हल्ली होत नसे. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, हात लावला तर बोटांना कळतं, गालाला कळत नाही; तसं तिचं कित्येक वर्षं चाललं होतं. नवरा गेला त्याच्या आधीपासून की नंतर, हेसुद्धा तिला नीट सांगता आलं नसतं. पत्राची घडी तिने मूळच्या रेषांवरच पुन्हा घातली आणि आपला तक्ता उघडला. ही वेबसाइट तिच्याच हाताखालून गेलेली. पान तेच, पण ते वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये कसं दिसतं, कुठे मोडतं, कुठलं बटण कुठे दडी मारतं, हे बघायचं तिचं काम. एका ब्राउझरला एक रकाना, असे सात रकाने. हे काम नेमकं काय असतं ते माईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माई म्हणाली होती, "म्हणजे एकच पुस्तक सात छापखान्यांत छापायला दिलं, आणि सातही ठिकाणची प्रुफं तुझ्याकडे आली. एवढंच ना?" एवढंच. सातवा रकाना सगळ्यांत जुन्या ब्राउझरचा. तारीख घेण्याच्या पानासमोर, सातव्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं होतं: ठीक. खाली एका रविवारची तारीख.

तो रविवार तिला आठवत नव्हता. रविवार सगळे सारखेच. सकाळी दहाला ती माईला फोन लावायची. माई म्हणजे तिची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची. त्यामुळे आई म्हटलं की हिला एक पातळाचा रंग आठवे, आणि बाकी सगळं, वेणी घालताना हनुवटी घट्ट धरणारा हात, ताप बघायला कपाळावर टेकलेला गाल, ते सगळं माईचं. माई छापखान्यात प्रुफं तपासायची. संध्याकाळी प्रुफं घरी यायची आणि जेवणाचं टेबल पुसून त्यावर ती पसरली जायची. ओल्या शाईचा तो वास; आता तसे छापखानेच राहिले नाहीत, तर वास कुठून राहणार. धाकटीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवी ओळ, सगळं तोंडाने म्हणत. आणि माईने पेन्सिल हातात धरून प्रुफावरून नजर फिरवायची. गोष्ट रंगात आली की धाकटी भराभर वाचायला लागे. मग माई पेन्सिल टेबलावर आपटायची. "गोष्ट ऐकायला बसलो नाही आपण. मन गोष्टीत गेलं की डोळा फसतो." एकदा शाळेच्या पुस्तकाचे कितीतरी कागद छापून झाल्यावर माईला आपल्या नजरेतून निसटलेली एक चूक सापडली. कुणाला कळलंही नसतं. माई उठली, चपला घातल्या आणि मालकाला स्वतः सांगून आली. सगळे कागद पुन्हा छापावे लागले. मालक आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. "न बोलू दे," माई म्हणाली होती, "मला काय त्याच्याशी गप्पा मारायच्यात?"

त्या माईकडे एक जुना कॉम्प्युटर होता. धाकटीनेच बसवून दिलेला. नंतर ऑफिसातलं शेवटचं जुनं यंत्र बंद पडलं, तेव्हा दाढीवाला म्हणाला, नवीन यंत्रावर जुन्याची नक्कल चालवून बघा. तिने बघितली होती. नक्कल नकलेसारखीच चालायची. जिथे खरं यंत्र अडायचं तिथे ती अडायची नाही. "माझ्याकडे सोय आहे," ती म्हणाली, आणि काय सोय ते त्याने विचारलं नाही. सोय म्हणजे माई. वेबसाइटची तपासणीपुरती एक वेगळी प्रत असते, बाहेरच्यांना न दिसणारी. तिचा पत्ता गटातल्या लोकांना ठाऊक, आणि माईला. सुरुवातीला काय मजा होती! माई फोन कानाला लावून पान वाचत जायची आणि न विचारलेलंही सांगायची. "तो निळा चौकोन अक्षरांवर कोंबडी बसावी तसा बसलाय. तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर किंचित खाली घसरलंय. आणि 'आपला आजार निवडा' असं काय लिहिता गं, निवडून घ्यायला ती भाजी आहे का?" फोन तासभर चालायचा. मग तो अर्ध्या तासावर आला. मग दहा मिनिटांवर. माई म्हणायची, सगळं जागच्या जागी आहे, आणि ती रकान्यात लिहायची, ठीक.

या 'ठीक'ला आणखी एक मालक होता. माईचा मुलगा, तिचा भाचा, समुद्रापलीकडे राहायचा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन. जाताना तो तिला म्हणाला होता, "मावशी, आई मला खरं सांगणार नाही. तुझ्यावर सोडून चाललोय. ज्या दिवशी तुला वाटेल की तिला एकटीला जमत नाही, त्या दिवशी मला सांग. पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे वयस्कांच्या निवासातली एक खोली. त्याने ती जागा बघून ठेवली होती. माई तिला खुराडं म्हणायची. तर एक तारखेला तो विचारायचा, "आई ठीक?" आणि ती म्हणायची, ठीक. परवाच रविवारी अख्खं पान वाचून दाखवलं तिने मला, असंही कधीकधी म्हणायची.

तपासणीची ती प्रत कोणी उघडली, कधी उघडली, कुठल्या ब्राउझरमधून उघडली, याची नोंद आपोआप होत असते. तिने ती काढली. तिचं स्वतःचं नाव पानोपानी होतं, दाढीवाल्याचं होतं. जुन्या ब्राउझरची शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची. रविवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. त्यानंतर काही नाही. तिने खालपर्यंत जाऊन पाहिलं, वरपर्यंत येऊन पाहिलं. खुर्चीच्या पाठीला टेकली तेव्हा आपण केव्हापासून टोकावर बसलो होतो हे तिला समजलं. अकरा महिन्यांच्या रविवारांत माईने ते पान एकदाही उघडलं नव्हतं. आणि तरी दर रविवारी ते वाचून दाखवलं होतं.

दाढीवाल्याला तिने त्याच दुपारी सांगितलं. "सातवा रकाना मी न बघता भरलाय. अकरा महिने." तो आधी हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "जाऊ द्या हो मॅडम," तो म्हणाला, "जुना वापरणारे शंभरात दोन. रकाना काढूनच टाकू या आपण." त्याने तिथल्या तिथे काढलासुद्धा. एवढंच. तिला वाटलं होतं निदान रागावेल. मग तिने हॉस्पिटलमध्ये फोन करून त्या गृहस्थांना तारीख मिळवून दिली आणि कागदावर उत्तर लिहिलं: 'आपलं काही चुकलेलं नाही. चूक आमच्याकडून झाली.' हाताने लिहायची सवय मोडलेली. ओळी तिच्याही उतरत गेल्या.

आता बाकी माई. बसमध्ये उभी असताना, कुलूप उघडताना, चहाचं पाणी ठेवताना तिच्या डोळ्यांपुढून ते अकरा महिने जात राहिले. जात राहिले म्हणजे कुणीतरी प्रुफं मोठ्याने वाचावीत आणि आपण पेन्सिल धरून बसावं तसे. माईचं पत्र यायचं थांबलं होतं. माई म्हणाली, बोट दुखतं. वर्तमानपत्र बंद केलं. माई म्हणाली, छापतात ते सगळं खोटं. मधे ही भेटायला गेली तेव्हा माईच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. माई म्हणाली, इस्त्री लागली. सगळ्याला माईकडे एकेक उत्तर होतं आणि हिने ते निमूट घेतलं होतं. आणखीही एक गोष्ट होती, जिच्याजवळ जायला मन राजी नव्हतं. फोन तासाचा दहा मिनिटांवर आला तेव्हा हिला बरं वाटलं होतं. अगदी साधं, पायातली चप्पल काढल्यावर वाटतं तसं बरं. रविवारची सकाळ मोकळी मिळते, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

रविवारी दहाला तिने फोन लावला.

"बोल," माई म्हणाली. हॅलो ती कधी म्हणत नसे.

"उघडलंस पान?"

"उघडलं की. केव्हाची बसलेय तुझी वाट बघत."

"वरची पट्टी हिरवी आहे ना?"

पट्टी निळी होती. पहिल्या दिवसापासून निळी होती.

"हिरवीगार. छान दिसते."

"आणि खाली बटण?"

"आहे बाई बटणही. जाणार कुठे?"

पलीकडे नळ थेंब थेंब गळत होता. तो आवाज फोनमधून स्वच्छ येत होता. माईने नळ कधी गळू दिला नव्हता.

"माई, पट्टी निळी आहे."

"मग निळी असेल. ऊन येतं इकडून."

"तू कॉम्प्युटर अकरा महिने सुरूच केलेला नाहीस. इथे नोंद असते सगळी."

"अगं बाई! म्हणजे पाळत होती म्हणायची माझ्यावर."

"पाळत नाही. नोंद."

"पोलीसही असंच म्हणत असतील."

हिला हसू आलं नाही. माईलाही नसावं आलं. हिने विचारलं, "किती दिसतं?"

"उजेड कळतो. माणूस आलं की कळतं, कोण ते बोलल्यावर कळतं. मधोमध काही नाही, धुरकट ठिपका. कडेकडेने दिसतं थोडं. तू समोर येऊन उभी राहिलीस ना, तर कान दिसतील मला तुझे. तोंड नाही दिसणार."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"शेजारीण घेऊन गेली होती. म्हणाला, आहे एवढं राहील, नाहीतर कमी होईल. वाढणार नाही. मग पुन्हा पुन्हा जाऊन काय त्याचं तोंड बघू? तेही दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? तू विचारायचीस, पट्टी निळी आहे ना, बटण गोल आहे ना. प्रश्नातच उत्तर वाढून ठेवायचीस. मी आपली उचलून तोंडात टाकायचे."

"सरळ विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं," माई म्हणाली.

"मनगट कशाने भाजलं?"

"इस्त्रीने, सांगितलं ना."

"माई."

"दूध उतरवताना. एकदाच."

"एकदाच?"

"प्रुफं तपासतेस का गं माझी?" माईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "हे बघ. गॅस मी हाताने चाचपून बंद करते, दोन दोनदा. या घरातली एकन् एक वस्तू मला पाठ आहे. भांड्याची फळी, दाराची कडी, चार पायऱ्या आणि पाचवी तुटकी. इथे मी आंधळी नाही. तिथे नेऊन ठेवलंत ना, की त्या दिवशी होईन. त्याला सांगू नकोस. एक तारखेला म्हणतेस तेच म्हण."

फोन ठेवल्यावर तिने बसल्याजागीच भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. एक तारखेला नऊ दिवस होते. नऊ दिवसांनी एक शब्द म्हणायचा, आजवर म्हटला तोच, आणि माई आपल्या घरात राहील. पाचवी पायरी तुटकी असलेल्या, नळ गळणाऱ्या घरात, हाताने ज्योत चाचपत. आणि न म्हटला तर माई एका खोलीत जाईल जिथलं तिला काही पाठ नाही. तिच्या मनात तिसरंही आलं. तिने मान वळवून आपल्या आतल्या खोलीकडे बघितलं. कपाट हलवलं तर एक पलंग बसला असता. पण आतून 'नको' इतक्या चटकन आलं, कुणीतरी दार लोटून घ्यावं तसं. त्या 'नको'ला राग नव्हता, कारण नव्हतं, काहीच नव्हतं. ज्या माणसाने तिला न्हाऊमाखू घातलं, त्या माणसाबद्दल तिला एवढंच वाटलं, आणि आपल्याला एवढंच वाटतंय याचंही फारसं काही वाटलं नाही. मग चहाचा कप धुवायला ती उठली आणि कप धुताना एकदम, काही संबंध नसताना, तिला माई चपला घालताना दिसली. छापखान्याच्या मालकाकडे निघालेली. पट्टा बोटाने टाचेवर चढवत होती आणि म्हणत होती, "दाराला कडी घाल गं, आलेच मी." चेहऱ्यावर भीती होती. हे तिला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. माई घाबरली होती, आणि तरी गेली होती.

तिने हात पुसले आणि भाच्याला फोन लावला.

"मावशी? आज एक तारीख नाही. काय झालं?"

"माईला दिसत नाही रे. अकरा महिने झाले."

"पण मागच्या महिन्यात तू ठीक म्हणालीस."

"म्हणाले."

"त्याच्या मागच्या महिन्यातही."

"तेव्हाही म्हणाले. मी न बघता म्हणाले."

 त्याच्याकडे कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. "बरं," तो म्हणाला, "मी त्या निवासातल्या लोकांशी बोलतो. तशी दुसरी काही सोय..." आणि तिथे तो थांबला. तिने काहीतरी म्हणावं म्हणून थांबला असावा. ती म्हणाली नाही. "ठीक," तोच म्हणाला मग, "कळवतो."

पुढच्या रविवारी माईने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, बऱ्या आहेत, दुपारी बाहेर बसतात, तुमचं नाव काढलं की आत जातात. ही रोज कामाला जात होती. तक्त्यात आता सहाच रकाने होते आणि सातव्याच्या नोंदी लिहायच्या नसल्याने काम थोडं लवकर संपत होतं. त्या उरलेल्या वेळाचं काय करायचं ते तिला कळत नसे. एकदा तिने डोळे मिटून टेबलावरचा पेला शोधून पाहिला. पहिल्याच फटक्यात पाणी सांडलं. दाढीवाला म्हणाला, "मॅडम, दमलात का?"

बुधवारी, भर ऑफिसच्या वेळेला, माईचा फोन आला. ऑफिसात माईने कधी फोन केला नव्हता. कामावरच्या माणसाला फोन करू नये असं तिचं पक्कं मत.

"बोलू का? का कामात आहेस?"

"बोल ना."

"मंगळवारी खोली दाखवायला नेणारेत मला. शेजारीण येते म्हणत होती. तिला नको म्हटलं. तिला मेलीला सगळंच छान दिसतं. तू ये."

"येते."

"येऊन नुसती उभी राहू नकोस. मला काय दिसणार आहे तिथलं, तू बघायचंस. भिंतीला ओल आहे का बघ. पलंगापासून दारापर्यंत चालून बघ, पावलं मोज. तिथल्या बायका कशा बसल्यात, त्यांची तोंडं कशी आहेत, ते सांग. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. तू सांगशील त्यावर मी हो की नाही ते ठरवणार आहे. पोराला मी तसं कळवलंय."

"बरं. आणि नाही म्हणालीस तर?"

 नळाचा आवाज येत नव्हता. कुणीतरी दुरुस्त केला असावा.

"तुझ्या घराला खिडक्या किती गं?" माईने विचारलं. "एकदाच आले होते. तेव्हा दिसत होतं, पण बघितलं नाही मी नीट."

ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवली. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनची गार काच गालाला लागली, आणि ती गालाला कळली.

"दोन," ती म्हणाली. "आतल्या खोलीतली उघडत नाही."

"उघडून बघितली होतीस?"

तिला पटकन हो म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "न बघताच सांगतेय."

"मग आज घरी गेलीस की बघ," माई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.